उडीआधीची फुगडी

चक्रातून बाहेर काढल्यावर सुगंधा धुरीने पहिला प्रश्न विचारला, तो स्वतःच्या तब्येतीबद्दल नव्हता.

“किती झाले?”

“एकसष्ट सेकंद,” डॉक्टर इरावती केरकर म्हणाल्या. “नव्वद हवे होते, काकू.”

सुगंधाने मान हलवली. ती हलवायला नको होती. कुडाळच्या तपासणी केंद्राची पांढरी भिंत तिच्याभोवती अजून फिरत होती, आणि छातीवर कुणी भाताची पोती रचून गेल्यासारखं दुखत होतं.

“आता?”

“आता पुढच्या गुरुवारी दुसरी खेप. त्यातही राहिलं तर मग सहा महिने बसता येत नाही.” डॉक्टर तिच्या शेजारी बाकावर टेकल्या. “मुलीच्या बाळंतपणाची तारीख कधी आहे?”

“एकोणीस दिवसांनी.”

वयाने डॉक्टर तिच्या लेकीएवढ्याच, सानिकाएवढ्याच असतील. त्यांनी सुगंधाच्या बोटाला लावलेला चिमटा हळूच काढून घेतला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

कंपनीने त्या प्रवासाला एक लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. देवगडात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक नुसतं ‘उडी’ म्हणत. किनाऱ्यापासून अठरा किलोमीटर आत, समुद्रात एक तरंगता तळ होता. तिथून यान सुटायचं. पहिली आठ मिनिटं इंजिनं पेटलेली असायची, हवेचा थर खाली राहायचा, आणि वेग वाढत वाढत सेकंदाला साडेसात किलोमीटर व्हायचा. मग इंजिनं बंद. हातातून सुटलेल्या दगडाला पुढची वाट कुणी ढकलून दाखवावी लागत नाही, तसंच हे. यान पडतच असायचं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे त्याच्याखालची जमीनही वळत जायची, आणि ते पडता पडता अर्धं जग ओलांडायचं. शेवटची काही मिनिटं हवेत शिरून वेग मोडायचा. देवगड ते ऑकलंड, बारा हजार किलोमीटर, बेचाळीस मिनिटं. सुगंधाला घरून बंदरावर जाऊन सौंदाळे मासे घेऊन यायला याहून जास्त वेळ लागे.

गोम होती ती सुरुवातीला आणि शेवटी. तेव्हा माणसाचं वजन चौपट व्हायचं. बावन्न किलोची सुगंधा दोनशे आठ किलोची व्हायची. हाडांना त्याचं काही नाही, ती आडव्या खुर्चीत टेकलेली असतात. पण श्वास घेताना बरगड्या उचलाव्या लागतात, आणि त्याही चौपट जड झालेल्या असतात. म्हणून साठीच्या पुढच्या प्रत्येकाला आधी या चक्रात बसवायचे. लांब दांड्याच्या टोकाला एक खोली, आणि ती गरगर फिरवायची. नव्वद सेकंद रक्तातला प्राणवायू टिकला, तर जा. नाही टिकला, तर घरी बसा.

आणि घरी बसणं म्हणजे खरंच घरी बसणं. उडी सुरू झाली तशी त्या मार्गावरची जुनी विमानं वर्षभरात बंद पडली. बेचाळीस मिनिटांत पोचता येत असताना एकोणीस तास कोण बसेल. आता उरली होती ती चार ठिकाणी थांबत जाणारी मालाची विमानं, आणि त्यांत म्हातारी माणसं घेत नसत. तरुणांसाठी जग परसदाराएवढं झालं. दुपारी जेवायला घरी येऊन संध्याकाळी पुन्हा मेलबर्नला हजर होणारे लोक सुगंधाने पाहिले होते. तिच्या शेजारचे परब मात्र वेगळंच सांगत. पूर्वी त्यांचा मुलगा म्हणायचा, लांब आहे हो बाबा. आता म्हणतो, जागा मिळत नाही.

सानिका मात्र तसलं काही म्हणत नसे. ती ऑकलंडहून वर्षातून दोनदा फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. पण डिसेंबरात तिने स्वतःहून विचारलं होतं, “आई, येशील?” तिचा नवरा ओजस दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधनाच्या जहाजावर होता, महिनाअखेरीआधी सुटणार नव्हता. चौतिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, आणि घरात दुसरं माणूस नाही. नऊ वर्षांत सानिकाने आईकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

सुगंधा परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धुरीवाडीत गाडीतून उतरली, तर तिच्या पायरीवर हेमलता बसलेली. तिची थोरली जाऊ. दोघींच्या घरांत सव्वीस पावलांचं अंगण होतं, आणि नऊ वर्षांत ते अंगण ओलांडून दोघींपैकी कुणी कुणाकडे बसायला गेलेलं नव्हतं.

“काय गे, नापास झालंस?” हेमलताने विचारलं. जणू कालच बोलणं अर्धवट राहिलं होतं.

“तुका कोणी सांगल्यान?”

“गाडीवाल्यान. तुका उतरवच्या आधी त्येनी तिठ्यार सगळ्यांका सांगल्यान.”

सुगंधा तिच्या शेजारी बसली. उभं राहवत नव्हतं म्हणून बसली, असं तिने मनाला सांगितलं.

“श्वास कसो घेतलंस?” हेमलता म्हणाली.

“कसो म्हंजे? खोल. देवळात त्या योगाच्या वर्गात शिकवतत तसो. आत घेतलंय, सगळो सोडलंय, मगे परत आत घेवक जमांकच नाय.”

“आणि नजर खंय होती?”

“नजर काय, अशी आपली, हयसर थयसर.”

हेमलताने कपाळाला हात लावला. “सगळो सोडलंस? फुगडीत कोण सगळो श्वास सोडता गे?”

सुगंधाच्या पायांच्या तळव्यांना आधी आठवलं, मग तिला.

या दोघी जावांची फुगडी एके काळी आसपासच्या पाच वाड्यांत प्रसिद्ध होती. गणपतीत बायका रांगोळी बघायला येत तशा यांची फुगडी बघायला येत. हातांची फुली करून एकमेकींना धरायचं, पाय जोडायचे, आणि मागे झुकायचं. मागे झुकलेल्या बाईचा सगळा भार समोरचीच्या हातात असतो. तिने हात सोडला की संपलं. वेग आला की तोंडाने पकवा घालायचा. छाती भरलेलीच ठेवायची आणि वरच्या वर श्वास तोडत ठेका धरायचा. फू, फू, पक्. फू, फू, पक्. आणि नजर समोरचीच्या कुंकवावर. आजूबाजूला बघितलं की घेरी आलीच.

“डॉक्टरणीक विचार,” हेमलता उठत म्हणाली. “चुकीचा असात तर सोडून दी. नायतर फाल्यां सकाळी उठ, अंगणात ये.”

सुगंधाने फोन केला. डॉक्टर केरकरांनी दोनदा ऐकून घेतलं, मग पलीकडे त्या हसायला लागल्या.

“काकू, आम्ही वैमानिकांना हेच शिकवतो, आणि दोन-दोन महिने लागतात. छाती रिकामी होऊ द्यायची नाही. एकदा बरगड्या खाली बसल्या की त्या वजनाखाली परत उचलता येत नाहीत. पाऊण भरलेली ठेवायची आणि वरून घोट घोट घ्यायचा. तुम्हाला पाठवलेल्या माहितीत होतं हे.”

“माहिती वाचली होती, पण घाबरल्यावर योगच आठवला,” सुगंधा म्हणाली.

“मान हलवायची नाही, तेही त्यातच आहे. कानाच्या आत पाण्याच्या तीन बारीक नळ्या असतात. फिरताना मान वळवली की तिन्ही तीन गोष्टी सांगायला लागतात, आणि मेंदू गोंधळतो. कुणी शिकवलं तुम्हाला हे?”

“माझ्या जावेने,” सुगंधा म्हणाली. किती वर्षांनी तो शब्द तोंडातून गेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी अंगणात उभ्या राहिल्या. चौसष्ट आणि सहासष्ट. हेमलताच्या एका गुडघ्यात धातूचा सांधा होता. तिचे हात हातात आले तेव्हा सुगंधाला ते ओळखीचे वाटले नाहीत. हाडं वर आलेली, काकणं सैल. मग पकड बसली, आणि ती पकड तीच होती.

दहा फेऱ्यांतच हेमलता थांबली आणि तुळशीच्या कट्ट्याला धरून उभी राहिली.

“काय झाला?”

“घेरी इली. तुझ्या कपाळार नजर ठरना नाय. थंय काय्येक नाय.”

सुगंधाचा हात कपाळाकडे गेला. मधू, तिचा नवरा, गेल्यापासून ते मोकळंच होतं. वाडीतल्या कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मनाई केली नव्हती. आताशा अशा बायका सर्रास टिकली लावत. तिनेच लावली नव्हती.

“भिवयेकडे बघतंय,” हेमलता म्हणाली आणि पुन्हा हात पुढे केले. “चल.”

कुंपणापलीकडून परबीण ओरडली, “गे म्हाताऱ्यांनो, गणपतीक आठ म्हयने आसत अजून.”

“आठ म्हयन्यांनी तुझ्या दारात येतलंव,” हेमलताने फिरता फिरता उत्तर दिलं. “नारळ फोडून ठेव.”

चौथ्या दिवशी सुगंधाला पकवा सापडला. तो सापडल्यावर छातीतलं दुखणं गेलं आणि दुसरं एक वर आलं, नऊ वर्षांपूर्वीचं.

मधू बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. एका सकाळी कामावर जायला चप्पल घालता घालता पायरीवरच बसला, तो बसलाच. सानिकाला कळवलं. ती मिळेल त्या विमानाने निघाली. एकोणीस तास, आणि गोव्याहून पुढे चार. वाडीचा रिवाज असा, की मयत घरात असेपर्यंत अठरा घरांतली एकही चूल पेटायची नाही. दुपार झाली. पोरं भुकेने किरकिरायला लागली. कुणीच काही म्हणत नव्हतं, सगळे सुगंधाच्या तोंडाकडे बघत होते. थोरल्या दिरांनी विचारलं, “काय करूया?” आणि ती म्हणाली, “घेवन जावा.”

सानिका दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा ओसरी धुऊन झालेली होती. तिने एकदाच विचारलं, “कोणी सांगितलं न्यायला?” प्रश्न आईकडे बघून होता. सुगंधाचं तोंड उघडलं नाही. आणि खांबाशी उभी असलेली हेमलता म्हणाली, “आमी सांगलंव.”

सानिकाने त्या दिवसापासून काकीचं नाव घेतलं नाही. आणि सुगंधाला हेमलताच्या तोंडाकडे बघवेना. सव्वीस पावलांत गवत उगवलं. लेक लांब होती म्हणून खरं सांगायला जमलं नाही, असं ती स्वतःशी म्हणायची. हे काय फोनवर बोलायचं असतं? ती आली की सांगू, मी गेले की सांगू. उडी सुरू झाली त्या दिवशी वाडीत पेढे वाटले गेले, तेव्हा सुगंधाला एकदम भीती वाटली होती. तेव्हा ती भीती कसली, ते तिला कळलं नव्हतं.

एकट्या संध्याकाळी ती ओव्या जुळवायची. आजीकडून आलेली सवय. त्यातली एक सानिका पहिल्यांदा गेली तेव्हाची होती:

सूर्य उगवतो आधी, माझ्या लेकीच्या दारात
तिनं वापरलं ऊन, येतं माझ्या अंगणात

“वयनी,” फुगडी थांबल्यावर ती म्हणाली, “तू तेव्हा कित्याक बोललंस?”

हेमलता पदराने मान पुसत होती. कधीचं ते तिने विचारलं नाही.

“कोणीतरी बोलूक व्हया होता. पोर तुझ्या तोंडाकडे बघत होता आणि तू काय्येक बोलना नाय. माझ्यार राग धरल्यान तर माझा काय जाता? काकीर राग धरूक चलता. आवशीर धरलेलो चलना नाय.”

“नऊ वर्सां, वयनी.”

“मोजूक मी बसलंय नाय.” मग जरा थांबून ती म्हणाली, “दोन वर्सां मोजलंय. मगे सोडलंय.”

गुरुवारी ती सुगंधाबरोबर कुडाळला आली. चक्राच्या खोलीत डोकावून तिने समोरचा राखाडी पत्रा पाहिला आणि डॉक्टरांकडे वळली.

“हिणे बघूचा खंय?”

“समोर, कुठेही एका जागी.”

“जागा दाखवूक नको?” असं म्हणून हेमलताने कपाळावरची मरून टिकली काढली, आत वाकली, आणि सुगंधाच्या डोळ्यांसमोर बरोबर एक हातावर पत्र्याला चिकटवली. अंगठ्याने दाबली. “ही मी.”

दार लागलं. दांडा फिरायला लागला. आधी गाल मागे ओढले गेले, मग हात खुर्चीत रुतले, मग ती ओळखीची पोती छातीवर येऊन बसली. सुगंधाने छाती भरून घेतली आणि ती सोडली नाही. समोर मरून ठिपका होता. त्याच्याभोवती हळूहळू एक भुवई आली, एक हसरं तोंड आलं, सैल काकणांचे हात आले. ती मागे झुकली. फू, फू, पक्. बाहेरच्या खोलीत ध्वनिक्षेपकातून तो आवाज आला तशी हेमलता तिथल्या तिथे टाळी देत ठेका धरू लागली, आणि केंद्रातली दोन तरुण मुलं हातातली कामं टाकून बघत उभी राहिली.

“नव्वद,” डॉक्टर म्हणाल्या. कुणी थांबवायच्या आत आकडा एकशे चारवर गेला होता.

खाली उतरल्यावर सुगंधाने आधी टिकली सोडवून घेतली आणि फोनच्या पाठीला चिकटवली.

एकच कागद राहिला होता. साठीच्या पुढचा प्रवासी उतरल्यावर त्याला चोवीस तास नजरेखाली ठेवणारं घरचं माणूस लागे, आणि त्या माणसाची सही आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत यायला हवी होती. सानिकाची सही. उडी रविवारी सकाळची होती. सही शनिवारी हवी.

सुगंधाने शुक्रवारी सकाळी फोन लावला. हेमलताला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आधी जा, बाळंतपण होऊ दे, मग काय तो गोंधळ घाल. शहाणपणाचंच होतं ते. म्हणूनच सांगितलं नाही.

“सानिका, ऐक. बाबांका घेवन जावा म्हणान मीच सांगलंय.”

सानिका आईशी शाळेच्या मराठीत बोलायची. मालवणी तिच्या तोंडी यायची ती फक्त भांडताना आणि दुखलं-खुपलं की.

“काय म्हणालीस?”

“काकीन नाय. काकान नाय. मी. वाडीत चुली पेटूक नव्हत्यो, पोरां भुकेन रडत होती. पण ता एकच कारण नाय. त्येंच्या तोंडाकडे बघीत आणखी एक रात काढूची माझ्यात ताकद नव्हती.”



“मी सिंगापूरला धावत होते, आई,” सानिका म्हणाली. “एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, बॅग टाकून. तेव्हा तुम्ही त्यांना नेलं होतं.”

“होय.”

“आणि काकी तिथे उभी राहून म्हणाली, आम्ही सांगितलं. तू ऐकत होतीस.”

“होय.”

“नऊ वर्षं ती दिवाळीला मला शुभेच्छा पाठवते. मी एकदाही...” वाक्य तिथेच राहिलं. फोन बंद झाला.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी सुगंधाने बॅगेतली खसखस, डिंक, अळीव पुन्हा बाहेर काढून नीट रचून ठेवलं, कारण हाताला काही तरी हवं होतं. पाच वाजले. साडेपाच झाले. हेमलता आली, तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “सांगलंस ना तिका?” सुगंधाने हो म्हटलं. हेमलता तिच्याशेजारी पायरीवर बसली. पाच पन्नासला फोन एकदा थरथरला.

सही होती. सहीखाली निरोपासाठी चार ओळी मोकळ्या असतात. त्या मोकळ्याच होत्या.

“निरोपाच्या ओळी घेवन काय करतलंस? सही पोचली ना?” हेमलता म्हणाली. “ऊठ. डिंक वायल्या पिशयेत बांध, सांडतलो.”

रविवारी साडेनऊला यान सुटलं. फोनच्या पाठीवरची टिकली आता समोरच्या पाटीवर होती. चौपट वजन आलं, आणि सुगंधाने पकवा घातला. शेजारच्या खुर्चीतला सुटातला तरुण प्रवासी करड्या तोंडाने हाफत होता. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं आणि हळूहळू तोही फू, फू करायला लागला.

मग इंजिनं थांबली. गळ्यातलं मंगळसूत्र केव्हाच काढलेलं होतं, पण त्या जागी घातलेली तुळशीची माळ उठून तिच्या हनुवटीसमोर तरंगायला लागली. खिडकीत समुद्र नव्हता, समुद्राची कड होती. पूर्वेकडे जाताना सूर्य डोळ्यांदेखत मागे सरकला, माथ्यावरून उतरला. सकाळी निघालेल्या माणसाची दुपार मधल्या मध्ये गळून पडली. हे ऊन आता सानिकाच्या दारी वापरून होत आलंय, तिला वाटलं, आणि वयनीच्या अंगणात आत्ताच पोचलंय. सत्तावीस मिनिटं ती पडत राहिली आणि तिला भीती वाटली नाही. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. पुढचं सानिकाच्या हातात होतं, आणि दुसऱ्याच्या हातात भार देऊन मागे झुकणं तिला आता परत येत होतं.

टिकली परत फोनच्या पाठीला लावून ती उतरली. धक्क्यावर सानिका उभी होती. पोटावर हात, पाय सुजलेले. तिने वाकून नमस्कार केला नाही, मिठी मारली नाही. बॅग घ्यायला हात पुढे केला.

“बॅग मी घेतंय,” सुगंधा म्हणाली.

“बरं.”

तीन दिवस असेच गेले. सानिका नीट वागली. पाहुण्याशी वागतात तसं. गरम पाण्याचा नळ दाखवला, चोवीस तास दर तीन तासांनी आईचा रक्तदाब मोजला आणि वहीत उतरवला. सुगंधाने अळिवाचे लाडू केले, ते तिने खाल्ले, छान झालेत म्हणाली. सुगंधाने विषय काढला नाही. एकदा सांगून झालेलं पुन्हा पुन्हा पुढे करणं म्हणजे माफीसाठी दार ठोठावत बसणं, आणि ते तिला करायचं नव्हतं. ती वाट बघत राहिली.

बुधवारी, तारखेच्या पाच दिवस आधी, कळा सुरू झाल्या. दुपारी चारला सानिका प्रसूतिगृहाच्या पलंगावर होती. खोलीत मोठी खिडकी, खिडकीत लख्ख ऊन. सुईण तिथलीच, गोऱ्या चेहऱ्याची धिप्पाड बाई. ती शांत आवाजात सांगत होती, खोल श्वास घे, सावकाश सोड. सानिका सोडत होती, आणि पुढची कळ आली की तिचा परत आत येत नव्हता. डोळे छतावर, खिडकीवर, यंत्राच्या आकड्यांवर भिरभिरत होते. सुगंधाला ते बघून स्वतःचे एकसष्ट सेकंद आठवले.

“सगळो सोडू नको,” ती म्हणाली. “छाती भरलेली ठेव. वरच्या वर घे. पकवो घाल.”

“माका येना नाय,” सानिका ओरडली. “तू माका कधी शिकवलंस? बाबा गेल्यार फुगडी घातलंसच नाय तू.”

खोलीत दोघीच मालवणीत. सानिकाने आईचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत.

“काकीक फोन लाव.”

देवगडात सकाळचे साडेआठ होते. हेमलताने उचलला तेव्हा मागे तव्याचा आवाज येत होता.

“वयनी, पोरगी तुका बोलवता.”

“हं,” हेमलता म्हणाली. “काय गे बाय, खूप दुखता?”

“काकी,” सानिका म्हणाली. पुढे तिला रडू आलं की कळ आली, सांगता येणार नाही. “काकी, मी तुका...”

“ता सगळा मगे. आता श्वास घालवू नको. बघ माझो पकवो, माझ्याबरोबर धर.”

आणि बारा हजार किलोमीटरवरून, समुद्राखालच्या काचेच्या तारेतून ठेका आला. प्रकाशालासुद्धा तेवढं अंतर कापायला सेकंदाचा सोळावा भाग लागतो. तेवढाच तो मागे पडत होता. फू, फू, पक्. सानिकाने दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा धरला. सुईण थोडा वेळ बघत राहिली, मग तिने यंत्राकडे पाहून मान डोलावली आणि आपली सूचना आवरती घेतली.

पण सानिकाचे डोळे अजून भिरभिरत होते. कुठेच टेकत नव्हते.

सुगंधाने फोन पालथा केला. पाठीवरची मरून टिकली नखाने उचलली. एक क्षण तिने ती बोटावर धरली, आणि मग नऊ वर्षं मोकळ्या राहिलेल्या जागी, दोन भुवयांच्या मध्ये, अंगठ्याने दाबून बसवली. पलंगाच्या कडेला, तिच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांची फुली करून लेकीपुढे धरली.

“हय बघ,” ती म्हणाली. “माझ्या कपाळाकडे. आणि झुक मागे. मी धरलंय.”

सानिकाने हात धरले. तिची नजर भिरभिरत आली, त्या ठिपक्यावर टेकली आणि तिथेच राहिली. पकड बसली. फोन चादरीवर पडला होता, त्यातून तव्यावरची भाकरी करपल्याचा हेमलताचा स्वतःवरचाच वैताग ऐकू आला, आणि त्याच श्वासात पुन्हा ठेका.

चार वाजून बावन्न मिनिटांनी मुलगी झाली. पहिल्या रडण्याआधी तिनेही ओठ गोल करून एक छोटासा श्वास तोडला होता, असं सुगंधा पुढे सगळ्यांना सांगत राहिली. सुईणीने तो पाहिला नव्हता. हेमलता मात्र शपथेवर सांगते, की तिने तो धुरीवाडीत, चुलीशी बसून, स्पष्ट ऐकला.